बोळातला पसारा

आमच्या घरात कधी कप फुटला नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, तीन मुलं झाली, पण तडकलेला एक पेला दाखवा, मी नाव बदलीन. माझी मात्र एक बरगडी दोनदा मोडली, डाव्या हाताची करंगळी वाकडीच जुळली, आणि कानामागे एक जागा आहे तिथे आता केस येत नाहीत.

नवरा सामान हलवणारा. लोक घर बदलतात तेव्हा ट्रक घेऊन माणसं येतात ना, त्यातला. कंपनीत त्याला 'वस्ताद' म्हणतात. फ्रीज असो नाहीतर दगडी टेबल, अरुंद जिन्यातून वर चढवतो आणि भिंतीवर ओरखडा उठत नाही. खांद्यावर पट्टा, गुडघे वाकलेले, तोंडानं "कोपरा आधी, कोपरा आधी" चालू. त्याच्या हातून कुणाची वस्तू पडली नाही, आणि दुसऱ्याच्या हातून पडताना दिसली तरी त्याला राहवत नाही. एकदा दुकानात एका अनोळखी बाईच्या हातून लोणच्याची बरणी निसटली, तर हा रांग सोडून झेपावला आणि जमिनीपासून वीतभर वर ती झेलली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. त्याच दिवशी सकाळी त्यानं मला न्हाणीघराच्या दारावर आपटलं होतं.

तो दारू पीत नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण लोकांना तेवढं कारण पुरतं. पितो का, असं विचारतात आणि नाही म्हटलं की गप्प होतात, जणू मीच काहीतरी लपवतेय. तो शुद्धीत मारतो. तळपायाची आग मस्तकात जायला त्याला काहीही चालतं: थंड झालेला चहा, रडणारं पोर, कंपनीत कुणीतरी बोललेला शब्द.

पण त्या रागातसुद्धा त्याचे हात वस्तूंना जपतात. हे कळायला मला बराच काळ लागला, आणि कळलं तेव्हा मी त्याचा उपयोग करून घेतला. बायकोला भिंतीवर फेकणारा हा माणूस वाटेतली खुर्ची लाथेनं उडवत नाही. ती उचलतो, बाजूला नीट ठेवतो, मग पुढे येतो. चार वस्तू उचलून ठेवल्या की त्याचा श्वास खाली बसतो, दहा उचलल्या की शिव्या तेवढ्या उरतात.

म्हणून आमचा बोळ भरलेला होता. घर असं आहे: पुढे मोठी खोली, तिच्यातच एका बाजूला स्वयंपाकाचा ओटा, मग एक अरुंद बोळ, आणि बोळाच्या टोकाला मागची खोली. मुलं तिथे झोपतात. त्या खोलीला आतून भक्कम कडी आहे आणि मागच्या जिन्याकडे उघडणारं एक दारही. बोळात मी जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे रचले होते, एका चाकाची सायकल टेकवली होती, मोडका पाळणा, कपडे वाळवायचा स्टँड, बंद न होणारी सुटकेस, पत्र्याचा पिंप, आणि पिंपावर रिकामे डबे. आम्ही चौघं त्यातून डोळे मिटून जायचो. पिंपाला डावी घाल, सायकलपाशी अंग चोर, पाळण्यावरून पाय टाक. शेंडेफळ तर पाळण्याखालून सरपटत जायचं आणि पलीकडे निघून टाळी वाजवायचं, त्याला तो खेळच वाटायचा. रुंद खांद्याच्या माणसाला मात्र एकेक वस्तू उचलल्याशिवाय वाट नव्हती. तो दारापर्यंत पोचायचा तोवर आम्ही आत आणि कडी वर.

माझं आयुष्याकडे मागणं एवढंच उरलं होतं की त्याचा हात मुलांना लागू नये. मला लागला तर लागला, मी निबर झाले आहे. मुलांना लागला नव्हता, आणि तो त्या पसाऱ्यामुळे लागला नव्हता. शेजारणी नाक मुरडायच्या. दिव्याखाली अंधार, म्हणायच्या, लोकांची घरं लावून देणाऱ्याच्या घरात पाय ठेवायला जागा नाही! बोलोत बापड्या. तो स्वतः त्या पसाऱ्याला हात लावत नसे. "दिवसभर लोकांचं उचलतो, घरी एक काडी हलवणार नाही," असं त्याचं ठरलेलं वाक्य होतं, आणि मी त्याला मनातल्या मनात शाबासकी द्यायचे.

मग माझी नणंद आली.

ताई त्याच्याहून बऱ्याच मोठ्या, एकट्या राहणाऱ्या. एका मोठ्या हॉस्पिटलात चादरी, उशा, टॉवेल यांचं कोठार त्यांच्या ताब्यात आहे. त्यांच्या घराला रंग लावायचं काम निघालं होतं, म्हणून आठवडाभर आमच्याकडे राहायला आल्या. उंबऱ्यात उभं राहून त्यांनी बोळाकडे पाहिलं, चपला काढल्या आणि म्हणाल्या, "अगं, या घरात माणसं राहतात की गोदाम आहे?"

"मुलं लहान आहेत ना, ताई."

"मुलं लहान असली की सायकल एका चाकाची होते का?"

दुसऱ्या दिवशीच त्या हात धुऊन मागे लागल्या. नवरा कामावर गेला की त्या जमिनीवर जुनी चादर पसरायच्या आणि एकच कप्पा त्यावर रिकामा करायच्या. एकच, दुसऱ्याला हात नाही. "एकदम सगळं घर उपसणारी बाई संध्याकाळी ढिगात बसून रडते," त्या म्हणाल्या. ढिगाचे तीन ढीग: ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. वस्तू हातात घेतली की निर्णय घेऊनच खाली ठेवायची. 'नंतर बघू' असा चौथा ढीग मी हळूच सुरू केला, तर त्यांनी तो पायानं टाकायच्या ढिगात सारला.

मी भांडले. एका झाकणावरून आम्ही दोघी इतक्या भांडलो की थोरली अभ्यास सोडून बघायला आली. ज्याचा डबा हरवला ते झाकण ठेवून काय करणार, असं त्यांचं म्हणणं, आणि डबा सापडला तर काय, असं माझं. झाकण गेलं. मग मात्र घरात एकेक सापडायला लागलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं, सहा महिने शोधलेली चांगली कात्री ओट्याखालीच निघाली. मधल्याचं दाताच्या डॉक्टरचं कार्ड निघालं, त्याचा तो दात पडूनसुद्धा गेला होता. मुलांच्या उंचीला खुंट्या लागल्या, त्यामुळे दप्तरं जमिनीवरून उठली. तिघांना तीन टोपल्या मिळाल्या, रात्री झोपण्याआधी आपापलं आपल्या टोपलीत. रोजचं लागणारं कंबर ते खांदा एवढ्या उंचीत, क्वचितचं वर, जड ते खाली. नवी वस्तू आली की एक जुनी गेलीच पाहिजे. थोरलीला तर वेडच लागलं. ती जाड कागदावर सुबक अक्षरात चिठ्ठ्या लिहायची आणि खोक्यांवर चिकटवायची: 'दोऱ्या', 'बॅटऱ्या', 'कुणाचं आहे माहीत नाही'.

आणि खोटं कशाला बोलू, मला आवडलं. जेवणाच्या टेबलावर पहिल्यांदाच नुसतं जेवण होतं. मुलं टेबलाशी बसून अभ्यास करायची, मी ओट्याशी उभी राहून नुसती बघत राहायचे. नवराही त्या दिवसांत गोगलगाय झाला होता. बहिणीसमोर आवाज चढवायचा नाही. सुंठीवाचून खोकला गेला, असं मला वाटायला लागलं. मनाला काय, तेवढंही पुरतं.

बोळावर मात्र मी अडून बसले. "तेवढं राहू द्या," मी म्हटलं.

"का?"

आम्ही चादरीची घडी घालत होतो. दोन टोकं त्यांच्या हातात, दोन माझ्या. मी त्यांना सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं, आणि तेही त्याच्या सख्ख्या बहिणीला. पिंपाचं, सायकलचं, कडीचं. मला वाटलं होतं त्या चिडतील, माझा भाऊ तसा नाही म्हणतील. त्या घडीवरून हात फिरवत राहिल्या.

"रंगकाम वगैरे काही नाही," त्या म्हणाल्या. "मागच्या महिन्यात तू भेटलीस तेव्हा तुझी करंगळी पाहिली मी. आमच्या आईची अशीच होती."

मी करंगळी चादरीच्या टोकात लपवली.

"आमच्या बापाला पसारा दिसला की सुरू व्हायचा. वाटी जागेवर नाही, मार. चप्पल तिरकी, मार. मी इतकीशी होते तेव्हापासून घर आवरते. तो यायच्या आधी घरभर फिरायची मी. एकही वस्तू जागा सोडून नसेल तर मारणार कशावरून, सांग?"

"मग थांबला का तो?"

ताईंनी चादर छातीशी धरली. त्यांचा चेहरा मला आवडला नाही, एखाद्या शाळकरी मुलीला उत्तर येत नसावं तसा झाला होता. "आई म्हणायची, कमी झालंय," त्या म्हणाल्या.

मला इतका राग आला की काय सांगू. त्यांच्यावर नाही. म्हणजे एक बाई घर चकचकीत ठेवून वाचायला बघते, दुसरी उकिरडा करून वाचायला बघते, आणि ज्याला आवरायला हवं तो मजेत चहा पितो! आम्ही दोघी अख्खं आयुष्य वस्तू इकडच्या तिकडे करत होतो. पण तेव्हा मला एवढं बोलता आलं नाही. ताई म्हणाल्या, "माझ्यासमोर तो हात उचलणार नाही. निमित्तच ठेवू नकोस त्याला." आणि मी थकले होते. स्वतःच्याच घरात उंदरासारखी वाट काढून थकले होते. मी हो म्हटलं. कुणी म्हणेल, चूक केलीस. चूक मारणाऱ्याची असते, एवढं लिहून ठेवा.

शनिवारी भंगारवाला सायकल, पिंप आणि पाळणा घेऊन गेला. पाळणा जाताना शेंडेफळ रडलं. बोळ एवढा रुंद असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. मुलं त्यात इकडून तिकडे धावली, आवाज घुमतो म्हणून ओरडली. आता एकच काम उरलं होतं. लोखंडी कपाट पुढच्या खोलीत भिंतीला होतं, ते ताईंना बोळाच्या तोंडाशी हवं होतं, म्हणजे अंथरुणं-पांघरुणं मागच्या खोलीच्या जवळ येतील. नवऱ्याला त्यांनी सांगितलं. तो म्हणाला, घरी एक काडी हलवणार नाही. मग रविवारी सकाळी आम्ही दोघींनी त्याच्या पायांखाली दुमडलेली पोती सारली आणि ढकलत ढकलत बोळाच्या तोंडापर्यंत नेलं. भरलेलं होतं, घाम निघाला. भिंतीला टेकवायचं आणि पोती काढायची राहिली, चहा घेऊ आणि मग करू म्हणून आम्ही बसलो. नवरा खिडकीपाशी खुर्चीवर बसून आमच्याकडे बघत हसत होता. "कोपरा आधी घ्यायला हवा होता," म्हणाला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कंपनीचा होता. सुट्टी असली तरी एक तातडीचं काम आलंय, ये. तो उठला तोच कपाळाला आठी घेऊन. खुर्चीच्या पाठीवर हात टाकला. तिथे त्याचा उचलायचा पट्टा असायचा, वर्षानुवर्षं तिथेच. आता तिथे काही नव्हतं.

"पट्टा कुठेय?"

आवाज बारीक होता. मी कप खाली ठेवला. तो आवाज मला माहीत आहे, मोठा आवाज परवडला.

थोरली टेबलाशी चिठ्ठ्या कापत बसली होती. तिनं मान वर केली. तिचा चेहरा आनंदानं फुलला होता, कारण तिला उत्तर येत होतं. "बाबा, 'कामाचं सामान' लिहिलंय ना, त्या खोक्यात. मी ठेवला."

"माझ्या वस्तूला हात लावलास?"

"मी सांगितलं तिला," मी म्हणाले. "मी ठेवायला सांगितला."

त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. आजवर मी असं मधे काही बोलले की तो माझ्याकडे वळायचा, आणि मला तेच हवं असायचं. या वेळी वळला नाही. तो पोरीकडे चालू लागला.

"पळ!" मी ओरडले.

तिघंही पळाली. धाकटे दोघं मागच्या खोलीच्या दाराजवळ होते, ते सरळ आत गेले. थोरली मागून. ती बोळात शिरली आणि शिकवल्याप्रमाणे गेली. पिंप होता तिथे तिनं डावी घातली. सायकल होती तिथे अंग चोरलं. पाळण्यावरून पाय टाकला. रिकाम्या बोळात माझी पोर नसलेल्या वस्तूंना वळसे घालत धावत होती, आणि तो तिच्यामागून सरळ चालत गेला. त्याला धावावंही लागलं नाही. दाराच्या अलीकडे त्यानं तिची वेणी धरली.

पहिला फटका तिच्या तोंडावर बसला. आवाज बोळात घुमला, काल मुलांचं ओरडणं घुमलं होतं तसाच. दुसरा कानावर. ती ओरडली नाही, तिनं फक्त श्वास आत घेतला, आणि तो बाहेर येईना.

मी त्याच्या पाठीवर होते. कधी पोचले ते आठवत नाही. मी त्याच्या मनगटात दात रुतवले, रक्ताची चव आली तरी सोडलं नाही. त्यानं वेणी सोडली. मला भिंतीवर आदळलं, एकदा, मग पुन्हा, आणि माझ्या कुशीत जुन्या जागी काहीतरी कट्कन वाजलं. मी खाली बसले. त्यानं माझे केस मुठीत गुंडाळले आणि मला ओढत पुढच्या खोलीकडे आणायला लागला. माझ्या टाचा फरशीवर घासत होत्या. बोळ इतका स्वच्छ होता की धरायला काही नव्हतं.

बोळाच्या तोंडाशी ताई उभ्या होत्या.

"सोड तिला."

"ताई, तू मधे पडू नकोस."

"सगळं जागेवर आहे," ताई म्हणाल्या. "घर बघ. एकूण एक वस्तू जागेवर आहे. आता कशावरून मारतोयस?"

तो खरोखर थबकला. घराकडे नजर टाकली, खुंट्यांकडे, टोपल्यांकडे. मग त्यानं माझ्या बरगडीत लाथ घातली. ताईंकडे बघत घातली. बहुतेक तेच त्याचं उत्तर होतं.

ताईंच्या तोंडातून एक आवाज निघाला, तो मी आजवर कुठल्या माणसाच्या तोंडून ऐकलेला नाही. त्या कपाटामागे गेल्या, पाठ भिंतीला लावली, दोन्ही पाय कपाटाला टेकवले आणि रेटलं. पोत्यांवर उभं असलेलं ते कपाट आधी सरकलं, मग कललं. वरची खोकी घरंगळली.

दुसरा कुणी असता तर मागे उडी मारली असती. मागे अख्खा बोळ मोकळा होता. पण यानं माझे केस सोडले, एक पाऊल पुढे टाकलं, गुडघे वाकवले आणि दोन्ही तळवे वर केले. कपाट पडू द्यायचं नसतं, हे त्याच्या हातांना त्याच्या आधी कळलं. "कोपरा!" तो ओरडला, दुसऱ्या बाजूला गडी असल्यासारखा. दुसऱ्या बाजूला कुणी नव्हतं. क्षणभर त्यानं ते पेललंसुद्धा. मग कपाटाची दारं उघडली, अंथरुणं आणि बरण्या एका अंगाला घसरल्या, भार फिरला, आणि कपाट त्याला घेऊन खाली आलं. त्याच्या मांडीचं हाड मोडल्याचं सगळ्यांना ऐकू गेलं.

धूळ बसेपर्यंत कुणी हललं नाही. तो मांड्यांपासून खाली कपाटाखाली होता. तोंड पांढरं पडलं होतं. आणि बोलायला लागला तेव्हा गिऱ्हाइकाशी बोलतो तसा बोलला, समजुतीनं. "घाबरू नका. ताई, तू डावा कोपरा धर. तू उजवा धर. कमरेतून वाकू नका, गुडघ्यातून. मी तीन म्हटलं की उचला."

मी भिंत धरून उठले. कपाटापाशी गेले आणि कोपरा धरला नाही. मी पाय ठेवला, कपाटाच्या पाठीवर, त्याची मांडी आहे तिथे. आणि भार दिला.

तो किंचाळला. मी पाय उचलला आणि पुन्हा ठेवला. मला बरं वाटलं. हे मी सांगणार, लपवणार नाही: इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. ताई भिंतीशी बसून माझ्याकडे बघत होत्या, त्यांनी मला अडवलं नाही.

मग कपाट जोरात दणाणलं. मी दचकून पाहिलं. थोरली वर चढली होती. ओठ फुटलेला, वेणी सुटलेली, ती दोन्ही पायांनी उंच उडी मारून कपाटावर आदळली. तो ओरडला. ती थांबली, त्याचं ओरडणं संपू दिलं, त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, आणि पुन्हा उडी मारली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. कपाळावर आठी होती, बारीक, उभी, आणि ती आठी कुणाची आहे हे मला पाठ आहे.

"खाली उतर," मी म्हणाले.

"अजून एकदा."

आवाज बारीक होता.

इतकी वर्षं मी गठ्ठे रचले, डबे रचले, की त्याचा हात हिच्यापर्यंत पोचू नये. आणि तो तिथे उभा होता, कपाटावर, माझ्या पोरीच्या अंगात. मीही हात उगारलाच होता तिला थांबवायला. हवेतच होता तो, तिनं तो पाहिला, आणि डोळे मिटून घेतले. मी हात खाली आणला, तिच्या कमरेला विळखा घातला आणि तिला उचलून घेतलं. बरगडीतून जीव जातोय असं वाटलं. ती माझ्या छातीवर बुक्के मारत राहिली, जोरात, दात आवळून. मी मारू दिलं. शेवटी ती दमली आणि रडली, आणि ते रडणं ऐकून मला जरा धीर आला.

ताईंनी फोन लावला होता. "एका माणसानं बायकोला आणि मुलीला मारलंय," त्या सांगत होत्या. "तो माझा भाऊ. मी त्याच्या अंगावर कपाट पाडलंय. दोन्ही लिहून घ्या."

"ताई," तो खालून म्हणाला, "आवरताना पडलं म्हणून सांग."

"आईच्या वेळी पडली म्हणून सांगितलं, तेवढं पुरे," ताई म्हणाल्या.

मी पोरीला खाली ठेवलं. "धर," म्हटलं. "इकडून तू, इकडून मी. ताई, ते स्टूल घ्या."

"का उचलायचं?" पोरीनं विचारलं.

"हा मेला तर आपल्याला त्याच्यापाशी थांबावं लागेल. मला जायचंय."

तिनं थोडा विचार केला आणि कपाटाची कड धरली. आम्ही गुडघ्यात वाकलो. वीतभर उचललं गेलं, ताईंनी स्टूल आडवं सारलं, भार त्याच्या पायावरून उतरला. त्यानं आभार मानले नाहीत आणि आम्ही थांबलोही नाही. मुलांच्या टोपल्या मी तीन पिशव्यांत उपड्या केल्या. ताई म्हणाल्या, "तुम्ही निघा. दवाखान्यात जा आधी, बरगडी दाखव, पोरीचा कान दाखव. काय झालं ते सांगायला मी थांबते इथे." मग त्या भावाच्या उशाशी फरशीवर बसल्या, त्याला हात न लावता.

मधला आणि शेंडेफळ कडी काढायला तयार नव्हते. बराच वेळ दारातून आवाज द्यावा लागला. मागच्या जिन्यानं आम्ही खाली उतरलो. रस्त्यावर रविवारची दुपार होती, माणसं पिशव्या घेऊन आपापल्या घरी चालली होती, आमच्याकडे बघून काहींनी मान वळवली.

बसमध्ये थोरली माझ्याशेजारी बसली. दोघं धाकटे पुढच्या बाकावर एकमेकांना चिकटून होते. तिचा उजवा हात मांडीवर होता, मूठ घट्ट आवळलेली, बोटं पांढरी पडलेली. मी ती उघडायला गेले. एक बोट सुटलं की दुसरं मिटायचं. तिला स्वतःलाही उघडता येत नव्हती, ती माझ्याकडे घाबरून बघत होती. मग मी तो नाद सोडला आणि ती मूठ तशीच माझ्या दोन्ही हातांत धरून बसले.